कर्वेनगर ते लोणी काळभोर, एक ‘येतो’ म्हणायला

दिवाळीत ताईकडे भांडण झालं. आईच्या आजारपणात कोणी किती केलं, यावरून. मी तिरीमिरीत उठलो आणि उंबऱ्यावर "जातो" म्हणालो. निघताना "येतो" म्हणायचं असतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मलाही कळत होतं, म्हणून तर म्हणालो. तेव्हापासून थोरल्या बहिणीचा फोन नाही. परवा बायको म्हणाली, "अहो, जाऊन या. पंचांगात अबोला सोडायचा मुहूर्त नसतो."

कर्वेनगरहून लोणी काळभोरला हडपसरमार्गे सरळ जावं. मी धीर होईना म्हणून विश्रांतवाडीचा वळसा घेतला. तुम्ही घेऊ नका. बसचा दिवसाचा पास मात्र काढा. विश्रांतवाडीत माझा जुना सहकारी राहतो, बंगाली. त्याची बायको गुजराती. पोह्यांबरोबर सगळं सांगून टाकलं. तो म्हणाला, "आमच्यात निघताना ‘आशि’. म्हणजे येतो. बायकासुद्धा ‘आशि’च म्हणतात." येतो-येतेची भानगड नाही, हे बरं. तोच वहिनी म्हणाल्या, "आमचं ‘आवजो’. म्हणजे या. जाणारा पण म्हणतो, राहणारा पण." जाणाऱ्याने राहणाऱ्याला कुठे ‘या’ म्हणायचं, हे मला अजून कळलेलं नाही.

हडपसरहून पुढच्या बसमध्ये शेजारी एक कानडी गृहस्थ होते. त्यांनाही विचारलं. "होगि बर्तीनि," ते म्हणाले. "जाऊन येतो. जायचं ते लपवायचं कशाला?" माणूस सरळ वाटला. ही सगळी वाक्यं घोळवता घोळवता मी एक स्टॉप पुढे उतरलो आणि हायवेच्या कडेने उन्हात मागे चालत आलो.

दाजी अंगणात कांदे निवडत होते. "आलास व्हय? जेवान तयार हाय, बस."

ताईने पिठलं-भाकरी वाढली. बोलली ती ताटापुरतं: मीठ हवं का, भाकरी घे. पिठलं फार चांगलं होतं. शेवटी म्हणालो, "ताई, चुकलं माझं." तिने वाटीत ताक ओतलं. राग गेला होता की ताक उरलं होतं, काही समजेना.

चार वाजता उठलो. "येतो, ताई."

यावर "ये" म्हणतात. ती म्हणाली, "जा. बस चुकेल." आणि हातात एक पिशवी कोंबली.

परतीच्या बसमध्ये माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. उट्टं काढलं, की खरंच बसची काळजी? दोन्ही पटत होतं.

घरी बायकोने पिशवी उघडली. आत शेंगदाण्याची चटणी. स्टीलच्या डब्यात, झाकणावर ताईचं नाव कोरलेलं, तिच्या लग्नातला.

"‘जा’ म्हणाली गं," मी सांगितलं.

"म्हणू दे. कागदात बांधून दिली असती तर मला काळजी वाटली असती. लग्नातला डबा दिलाय, तो परत न्यावाच लागणार. आणि रिकामा नाही नेता येत. चकल्या करू?"

मी चटणी बरणीत काढली आणि डबा घासायला घेतला.