तारप्याला पाठ

जिवाआजा म्हणजे पोशेरा गावचा नावाजलेला तारपकरी, भोपळ्याचा तारपा फुंकून वाजवणारा. त्याच्या तारप्यावर अख्खे पाडे नाचायचे. मग डीजे आला आणि तारपा पंधरा वर्षं आढ्याला टांगून राहिला. यंदा मोखाड्याच्या कार्यक्रमाला मीच, त्याच्या नातीने, त्याला हट्टाने नेलं.

तो मैदानाच्या कडेलाच थांबला. "घरी जाऊ, योगिता. दात गेले. दम तुटला तर पोरं पाठ फिरवतील."

नाचणाऱ्याने तारप्याला पाठ दाखवायची नसते, हा आमचा नेम.

त्याने भीतीने डोळे मिटूनच फुंकलं. सूर तोच निघाला, जुना, भरदार. नाचता नाचता आम्ही त्याच्यासोबत सेल्फी घ्यायला वळलो. त्याने डोळे उघडले, तर समोर आमच्या पाठी. माझ्या मोबाइलमध्ये, माझ्या खांद्यामागे, त्याचा भेदरलेला चेहरा दिसला आणि तेव्हा त्याचा दम तुटला.