रिकाम्या बाकांना जाब विचारणारे तुळशीरामजी

तुळशीरामजी धकाते यांची आणि माझी पहिली ओळख झाली, ती लोक त्यांना हसत असताना.

साठच्या दशकातला हिवाळा होता. विधानसभेचे अधिवेशन नागपुरात भरले होते. मी विधिमंडळात प्रतिवेदक होते. म्हणजे सभागृहात बोललेला प्रत्येक शब्द लघुलिपीत टिपून घेणे आणि नंतर तो टंकलिखित करणे हे माझे काम. आमचे टेबल अध्यक्षांच्या आसनाच्या थेट खाली असे. उमरेडकडून नव्याने निवडून आलेले, कोष्ट्याच्या घरात हातमागावर वाढलेले तुळशीरामजी पहिल्यांदाच बोलायला उभे राहिले होते. विषय होता विहिरींचा. कोळशाच्या खाणीत पाणी साचू नये म्हणून पंप अखंड चालतात, उपसलेले पाणी नाल्यात सोडून देतात आणि शेजारच्या गावांच्या विहिरी मात्र आटत जातात. ते उपसलेले पाणी साफ करून गावांना द्या, एवढेच त्यांचे मागणे होते. "आमच्या बाया नाल्याचं काळं पाणी लुगड्यानं गाळून राहिल्या, अध्यक्ष महाराज," असे ते म्हणाले, आणि मागच्या बाकांवर हशा पिकला. बायांना हसले की बोलीला, हे हसणाऱ्यांनाच ठाऊक. मला दोन्हींचा सारखाच संताप आला. पण प्रतिवेदकाला चेहरा नसतो.

संध्याकाळी ते आमच्या खोलीत आले. आमदार तिथे येतच असत. आपले भाषण वाचून किरकोळ दुरुस्ती करण्याची त्यांना मुभा असे, आणि त्या मुभेखाली कित्येक जण न बोललेली सुंदर वाक्ये घुसवून जात. मला वाटले, हेही त्यासाठीच आले असतील. त्यांनी कागद शेवटपर्यंत वाचला आणि विचारले, "बाई, लोक हासले ते काहून नाई लिहिलं?"

मी रीत सांगितली. सदस्याने विनोद केला आणि सभागृह हसले, तर आम्ही कंसात 'हशा' असे लिहितो. सदस्यालाच कोणी हसले, तर सभ्यता म्हणून सोडून देतो.

"सभ्यता कोणाची? माही का त्याईची?" ते म्हणाले. "मी पान्याचं सांगत होतो अन् हे हासले. माह्या गावच्या लोकाईले वाचू द्या ना ते."

मी कंस टाकला आणि 'हशा' लिहिले. आमच्या प्रमुखांनी भुवया उंचावल्या, पण तो कंस कायम राहिला. एवढ्या वर्षांत आपल्या भाषणात भर घालणारे अनेक आमदार मी पाहिले. आपला अपमान नोंदवून घ्यायला आलेले हे एकटेच.

त्यानंतर मी वर्षानुवर्षे त्यांची श्रोती होते. सक्तीची श्रोती म्हटले तरी चालेल, कारण सभागृह ओस पडले तरी अध्यक्षांना आणि प्रतिवेदकाला उठता येत नाही. आणि नागपूरच्या अधिवेशनात सभागृह ओस पडणे हा अपघात नव्हता, ती पद्धत होती. विदर्भाच्या प्रश्नांवरची चर्चा शेवटच्या दिवशी, दुपारच्या जेवणानंतर ठेवायची. तोवर मुंबईच्या गाडीची वेळ होत आलेली असायची. लॉबीत होल्डॉल आणि संत्र्यांच्या करंड्या रांगेने मांडून ठेवलेल्या असायच्या. ज्या प्रदेशाचे प्रश्न सोडवण्यासाठी सरकार इथे येते म्हणायचे, त्या प्रदेशाची संत्री तेवढी न चुकता मुंबईला पोहोचायची.

मी नागपुरातल्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले. दुसरे कोणी बोलत असताना उठून जाणे हा असभ्यपणा आहे, हे आमच्या नन्सनी आम्हांला फ्रॉक घालायच्या वयात शिकवले होते. न ऐकणाऱ्या मुलीला भिंतीकडे तोंड करून उभे करत. लोकप्रतिनिधींसाठी तेवढी लांब भिंत कुठून आणायची, असा विचार मी त्या टेबलाशी बसून अनेकदा केला आहे.

आता त्या दिवसाविषयी, ज्याविषयी मी लिहू नये अशी विनंती मला करण्यात आली आहे.

अनेक अधिवेशने अर्ज-विनंत्या केल्यावर खाणीच्या पाण्यावर स्वतंत्र चर्चा करण्याची तुळशीरामजींची सूचना मंजूर झाली. दिवस अर्थातच शेवटचा. ते उभे राहिले तेव्हा समोर बोटांवर मोजण्याइतकी डोकी होती, आणि त्यांतले एक झोपले होते. ज्यांनी उत्तर द्यायचे ते मंत्रीही जागेवर नव्हते. त्यांच्या वतीने दुसऱ्याच खात्याचे एक उपमंत्री बसले होते. बाकीचे सर्व आमदार अशा वेळी काय करत? रिकाम्या बाकांसमोर भाषण करत, ते छापील कार्यवाहीत जाई, आणि मतदारसंघात ते कागद फडकवून दाखवत. तुळशीरामजींनी तसे केले नाही. ते म्हणाले, "अध्यक्ष महाराज, गणपूर्ती नाही."

सदस्यांचा ठरावीक हिस्सा हजर नसेल, तर सभागृहाचे काम चालवता येत नाही, असा नियम आहे. तो कोणी बोट ठेवून दाखवला की घंटा वाजते आणि बाहेरच्या सदस्यांनी धावत आत यायचे असते. तुळशीरामजींनी येताना लॉबीतले सामान पाहिले होते. सामान आहे, म्हणजे माणसेही तिथेच असणार, असा त्यांचा साधा हिशेब. माणसे केव्हाच मोटारींत बसली होती आणि सामान मागून शिपाई आणणार होते, हे त्यांच्या ध्यानी आले नाही.

घंटा वाजत राहिली. ते उभेच होते. दाराकडे पाहत होते. दारातून कोणीही आले नाही. घंटा थांबली, अध्यक्षांनी सभागृह तहकूब केले, अधिवेशन संपले आणि त्यांची सूचना न बोलताच निकालात निघाली. त्यांच्याच पक्षाचे एक सहकारी टोपी सारखी करत म्हणाले, "तुळशीरामजी, सोताच्याच पायावर धोंडा पाडला ना गा! बोलून टाकलं असतं, छापून आलं असतं."

"खुर्च्याईले सांगून पानी येते काय?" तुळशीरामजी म्हणाले. "येत असन त सांगा, मी रोज येऊन सांगतो."

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी त्यांची टिंगल केली. पळून गेलेल्यांविषयी एक ओळ नव्हती. जो थांबला तो मूर्ख ठरला, आणि गाडीत बसून संत्री सोलणारे व्यवहारी ठरले! ही चूक होती, असे आजही सांगितले जाते. असेल. माणसे आपापल्या कामाला बांधलेली आहेत असे समजण्याची चूक त्यांनी केली. तसली चूक करू शकेल असा दुसरा आमदार मला दाखवा.

पुढच्या वर्षी त्यांनी तीच सूचना पुन्हा दिली. त्याच्या पुढच्या वर्षीही दिली. दिवस तोच, शेवटचा. एका वर्षी गणपूर्तीपुरते सदस्य कसेबसे उरले होते, पण आमचे निम्मे प्रतिवेदक मुंबईला परतले होते. एरवी आम्ही थोड्या थोड्या वेळाने पाळी बदलतो, पण त्या दुपारी मला सोडवायला कोणी आलेच नाही. माझा हात भरून आला. मी बोटे झटकली असतील, एवढेच. तुळशीरामजी वाक्याच्या मध्ये थांबले, माझ्याकडे पाहिले आणि पुढे इतके सावकाश बोलू लागले की उपमंत्र्यांनी घड्याळ पाहून विचारले, "सन्माननीय सदस्यांची प्रकृती बरी आहे ना?"

"माही बरी आहे," ते म्हणाले. "लिवणाऱ्या बाईचा हात दुखून राहिला. तुमाले घाई असन त जा, बाकीचे गेलेच."

अध्यक्षांनी सदस्यांना आवरण्याऐवजी माझ्यासाठी बदली प्रतिवेदक बोलावून घेतला. माझ्या सबंध नोकरीत माझ्या हाताकडे पाहून बोलणारा सदस्य दुसरा झाला नाही.

अखेर एका वर्षी ही चर्चा अधिवेशनाच्या मधल्या दिवशी लागली. नियमांचे पुस्तक घेऊन ते अध्यक्षांच्या दालनात रोज जाऊन बसत असत. त्यांना टाळण्यासाठीच तारीख दिली असावी, असा माझा समज आहे. या वेळी बाक भरलेले होते. संबंधित मंत्र्यांनी ठरलेले उत्तर दिले: खाण केंद्र सरकारची, नाला पाटबंधारे खात्याचा, विहीर जिल्हा परिषदेची; तेव्हा शासन सहानुभूतीने विचार करील.

तुळशीरामजी उठले. "अध्यक्ष महाराज, खाण त्याईची, नाला याईचा, विहीर तिसऱ्याची. मंग तहान कोणाच्या खात्यात येते, तेवढं मंत्रीमहोदयांनी सांगावं."

या वेळी मला कंसात काहीच लिहावे लागले नाही. कोणी हसले नाही. मंत्रीमहोदयांनी आधी अधिकाऱ्यांच्या कक्षाकडे पाहिले, मग कागदांकडे, आणि मग पाणी योजना करण्याचे आश्वासन दिले.

योजना झाली. पण तोवर तुळशीरामजी निवडणूक हरले होते. नळाचे उद्घाटन त्याच मंत्रीमहोदयांनी केले आणि तुळशीरामजींना निमंत्रण नव्हते. ते सायकलने गेले आणि गर्दीत उभे राहिले. आणि खाणीला लागून असलेल्या दोन गावांत नळ आजही नाही. योजनेत ती होती. कामात ती गळाली. गेली कित्येक वर्षे तुळशीरामजी एस. टी.ने नागपूरला येतात आणि कचेऱ्यांच्या बाहेरच्या बाकांवर बसतात, ते त्या दोन गावांसाठी.

निवृत्तीनंतर मी उमरेडला त्यांच्या घरी गेले होते. त्यांच्या पत्नी सगुणाबाई यांनी मला जेवायला बसवले. ताटे वाढली होती, तरी तुळशीरामजी हात लावीनात. "घरीबी तेच आहे वं बाई," सगुणाबाई म्हणाल्या. "सारे पाटावर बसले नाई तोवर हे घास उचलत नाईत. भात थंडा होऊन जाते. म्या म्हटलं, हे काय तुमची विधानसभा आहे काय?"

"विधानसभा असती त कवाचाच जेवलो असतो," तुळशीरामजी म्हणाले. "तिथं कोणाची वाट पाहून उपयोग नाई."

आता ज्यासाठी मी हे लिहीत आहे, त्या गौरवग्रंथाविषयी. तुळशीरामजींच्या पंचाहत्तरीनिमित्त स्थापन झालेल्या गौरव समितीचे अध्यक्ष तेच मंत्रीमहोदय आहेत. समितीचे तरुण चिटणीस सक्करदऱ्याला माझ्या घरी आले आणि म्हणाले, "मॅडम, ते गणपूर्तीचं जरा टाळा. प्रसंग आनंदाचा आहे, काहीतरी गोड लिहा." मी त्यांना चहा दिला आणि साखर त्यातच घातली आहे असे सांगितले. नंतर त्यांनी कार्यक्रमाची रूपरेषा दाखवली. आधी पाहुण्यांची भाषणे, मग शाल-श्रीफळ, आणि सर्वांत शेवटी सत्कारमूर्तींचे उत्तर. पाहुण्यांना संध्याकाळचे विमान गाठायचे असल्यामुळे त्यांची भाषणे आधी ठेवली आहेत, असा खुलासाही त्यांनी केला.

गाडीच्या जागी विमान आले, एवढीच काय ती प्रगती!

तुळशीरामजी त्या दिवशी काय बोलणार, हे मला ठाऊक आहे. ते आभार दोन वाक्यांत उरकतील आणि त्या दोन गावांविषयी बोलतील. पाहुण्यांपैकी दोघे-तिघे आजही अशा जागी आहेत की एका सहीत तिथे नळ जाईल. म्हणून या ग्रंथाच्या वाचकांना माझे सांगणे आहे: हार घालून पळू नका. ज्यांना विमान आहे त्यांच्या वाटेत खुर्च्या मांडून बसा. सत्काराच्या सभागृहाचे दार तुमच्याकडे आहे. ते कोणासाठी उघडायचे ते तुम्ही ठरवा. ऐकून घेण्याची तयारी नसेल, तर शाल परत न्या. नागपूरच्या थंडीत त्यांनी आजवर स्वतः विणलेले पांघरले आहे.

मी पहिल्या रांगेत असेन. आता मला तिथे बसवून ठेवणारा नियम नाही, आणि वहीपेन्सिलही नसेल.

तुळशीरामजींना उदंड आयुष्य लाभो. त्यांचे गुडघे, दृष्टी आणि चिडण्याची ताकद शाबूत राहो. त्या दोन्ही गावांत नळ येतील तेव्हा पहिले पाणी ते स्वतःच्या ओंजळीने पिवोत, आणि त्यानंतरची सगळी वर्षे त्यांनी कोणाच्याही दाराबाहेर न बसता आपल्या घरी, सगळे पाटावर बसल्यावर, गरम भात खाण्यात घालवावीत. तोवर, तुळशीरामजी, बोलण्यापूर्वी खुर्च्यांकडे एकदा पाहून घ्या. एक तरी भरलेली असेल.