हत्तिणीची साडी

डिंडोलीच्या शेअर रिक्षात शेजारच्या म्हातारबाबांना मी माझी धास्ती सांगितली. मुलीला उद्या वर्गात वडिलांनी शिकवलेली कविता म्हणायची होती, आणि मी तर पाचवीतच शाळा सोडून लूमवर कापड विणायला लागलेलो.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "हत्तीण निघाली लग्नाला, साडी पुरेना नेसायला. भाऊ, तू लूमवर ना? कापड किती लागेल?"

मी खरोखरच हिशोब केला. "अख्खा ताका जाईल, बाबा. पदर वेगळा."

"घे, पुढची ओळ तूच दिलीस," गुडघ्यावर थाप मारत ते हसले. "शाळा सुटली म्हणून हत्तीण थोडीच सुटते?"

त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी मुलगी नाचतच घरी आली. "पप्पा, सगळे हसले. टीचरनी विचारलं, एवढी साडी विणली कोणी? मी म्हटलं, माझ्या पप्पांनी."