पिंगळे नांदेडचे, बशी मुरुडची

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, हे आधीच लिहून टाकते. लातूरच्या एका क्लासमध्ये मी बारावीच्या पोरांना बायोलॉजी शिकवायचे — तेव्हा गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या लागत होत्या — आणि दिवसातून चारदा 'वैज्ञानिक दृष्टिकोन' म्हटल्याशिवाय मला जेवण पचत नसे. त्या वयातली मी आज समोर आली, तर मीच तिला वर्गाबाहेर उभी करीन.

भूकंपानंतरची पहिली थंडी. आमचं घर लातूरजवळच्या मुरुडला. मागच्या भिंतीला एक भेग, बाकी घर शाबूत. इंजिनिअर येऊन 'खुशाल राहा' सांगून गेले. पण माझ्या सासूबाई — मी त्यांना आत्याबाई म्हणायचे — अंगणातल्या पत्र्याच्या शेडमधून हलेनात. गारठ्यानं खोकून खोकून त्यांच्या बरगड्या दुखायला लागल्या. डॉक्टरांनी बजावलं, आत घ्या, नाहीतर न्यूमोनिया होईल, या वयात झेपायचा नाही. आम्ही विनवण्या केल्या. उत्तर एकच.

"पिंगळे आले की मी येते."

मागच्या भिंतीच्या बिळात पिंगळ्यांचं जोडपं राहायचं. पिंगळा म्हणजे साळुंकीएवढं घुबड. हिवाळ्यात सकाळी दोघं बिळाच्या तोंडाशी बसून ऊन खायचे. त्या बिळाची कड ढासळायला लागली तेव्हा आत्याबाईंनी स्वतः सिमेंट थापून त्यात फुटक्या निळ्या बशीचा तुकडा बसवला होता. तिरका, त्यावर अर्धं फूल. भूकंपात ती कड पडली, बशी ढिगाऱ्यात गेली... आणि पिंगळेही गेले. ते राहतात ते घर पडत नाही, असं आत्याबाईंचं म्हणणं.

डिसेंबरात मी माहेरी नांदेडला गेले. दादाच्या घरामागच्या कडुलिंबाच्या ढोलीत मला पिंगळे दिसले, म्हणून त्याचा कॅमेरा मागून घेतला. पक्ष्याचा फोटो कसा काढायचा ते मला सगळं पुस्तकातून ठाऊक! डोक्यावरून घोंगडी घेऊन, अनवाणी, बसल्या बसल्या सरकत गेले. शेजारीण वहिनीला हळूच विचारून गेली, नणंदबाईंची तब्येत बरी आहे ना. पिंगळे माना वरखाली करून माझ्याकडंच बघत होते. एकदाच बटण दाबलं, आणि दोघं उडाले.

दादानं रोल धुऊन फोटो पोस्टानं मुरुडला पाठवला. आत्याबाईंनी तो उन्हात धरला.

"आले की गं माय."

मी समजावलं, आत्याबाई, हे नांदेडचे आहेत, दादाच्या घरामागचे.

"मग ही बशी?"

पिंगळ्यांच्या पायाखाली निळा तुकडा होता. तिरका. अर्धं फूल.

ह्यांनी माझ्या पायावर पाय दिला — म्हणजे गप्प बस, आई आत येतेय तर येऊ दे. पण गप्प बसेल तो वैज्ञानिक दृष्टिकोन कसला! मी म्हणाले, तो कॅमेरा मुरुडला कधी आलेलाच नाही, फोटो झाडाचा आहे.

"कुठं काढला ते मी इचारलंच न्हाई," आत्याबाई वाकळ गुंडाळत म्हणाल्या. "ते कुठं राहतेत ते सांगून राहिले तुला."

आणि त्या घरात गेल्या. संक्रांतीपर्यंत खोकला गेला.

मी मात्र पुढच्याच रविवारी नांदेडची एसटी धरली. ढोलीत हात घालून पाहिलं. साल, पिसं, बस्स. निगेटिव्ह मागून बघितली. आधी झोक्यावरची भाची, नंतर दादाची स्कूटर, मध्ये पिंगळे. बशीसकट. पुढं ढिगारा उपसताना मूळ तुकडाही सापडला. फोटोशेजारी धरला... तोच.

एमबीबीएसची तयारी करणारी माझी नात म्हणते, "आजी, एडिट केलाय कुणीतरी." कुणी बाई? कडुलिंबानं?

मुरुडच्या त्या बिळात पिंगळे पुन्हा कधीच आले नाहीत. काही वर्षांनी मी आत्याबाईंना मुद्दाम डिवचलं, पिंगळे तर आलेच नाहीत, मग तुम्ही आत कशा झोपता?

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू क्लासमधली सगळ्यात ढ पोरगी मीच.

"आले की. तूच तर आणलेस."

कुठून आणले, ते मात्र मला आजही सांगता येत नाही.