लाल दिवा, सपाट रेषा

साहेबांबद्दल टेस्टरला खरं म्हणजे फारच थोडं माहीत होतं. साहेब सर्किट आखायचे, तो तपासायचा; एकाच खोलीत दोघांनी पाठीला पाठ लावून वर्षानुवर्षं काम केलं, पण साहेबांच्या घरी कोण असतं, ते जेवतात कुणाबरोबर, हे विचारायचा धीर त्याला कधी झाला नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलंही असतं कदाचित.

सगळ्या कारखान्याला माहीत होतं ते एवढंच, की साहेबांचा डावा हात कायम खिशात. चालू विजेवर काम करताना एकच हात पुढे करायचा, म्हणजे झटका छातीतून आरपार जात नाही, हा जुना नियम. पण तो नियम ते जेवतानाही पाळायचे. म्हणून नाव पडलं ‘एकहाती’. “पोहताना काय करत असतील हो?” असं तारांची वेटोळी गुंडाळणाऱ्या वाइंडिंगवाल्या बायका विचारायच्या आणि खिदळायच्या.

त्या वर्षी धातू वितळवायच्या भट्टीसाठी एक सर्किट करायचं होतं. भट्टीच्या अस्तराला तडा जायला लागला, की सहाशे व्होल्टच्या तारेवर मिलिव्होल्टचे बारीक ठोके उमटतात. ते पकडले तर भट्टी वेळेत बंद होणार. नाही पकडले तर उकळता धातू बाहेर. आणि त्याच भट्टीवर टेस्टरचा जावई कामाला होता.

“तारेवरच्या दोन जागा म्हणजे एका पाळण्यात बसलेले दोघं जण समजा,” साहेब म्हणाले होते. “पाळणा आभाळात जाऊ दे नाहीतर खाली येऊ दे, आपल्याला त्याचं काही नाही. एकाचं डोकं दुसऱ्यापेक्षा केसभर वर गेलं, की बोंब मारायची.” ही बोंब मारणारा चिमुकला तुकडा म्हणजे कम्पॅरेटर. त्याच्या दोन्ही बाजूंना अगदी सारखे रेझिस्टर, म्हणजे वीज अडवणारे तुकडे, लावून सहाशे व्होल्ट आधी खाली उतरवायचे, मगच त्याला तोलायला द्यायचे.

पण भट्टीवर बसवलेला पहिला नमुना उगाचच बोंबलायला लागला.

“बाबा, तुमचं यंत्र नुसतं लांडगा आला रे आला करतंय,” जावई म्हणाला. “मुकादम वायरच उपटणार आहे त्याची.”

मॅनेजर खोलीत आले. “त्याला जरा बहिरं करा. दुप्पट मोठा ठोका आला तरच ओरडू दे.”

“मग खरा ठोकाही ऐकू येणार नाही,” साहेब म्हणाले.

“मग उद्यापर्यंत दुरुस्त करा. नाहीतर बहिरं पाठवा.”

टेस्टरच्या डोळ्यांसमोरून लेकीचा चेहरा काही हलेना.

साहेबांनी टेबलावरच्या सर्किटला सहाशे व्होल्ट जोडले. तारेवरचा इवलासा ठोका विजेची रेषा दाखवणाऱ्या साध्या स्कोपवर दिसावा म्हणून त्यांनी स्कोपची अर्थिंगची पिन काढली. करू नये असं काम. आता स्कोपच्या पत्र्याच्या पेटीतच सहाशे व्होल्ट उतरले होते आणि ती नेहमीसारखीच गरीब दिसत होती.

“टेस्टर, हात खिशात. दोन्ही.”

अर्धा तास गेला. रेषा सपाट. मग ती हळूच वर सरकायला लागली. सवय वाईट. टेस्टरचा एक हात लोखंडी रॅकवर टेकला आणि दुसरा रेषा खाली आणायला पेटीच्या बटणाकडे गेला.

लाकडी पट्टी त्याच्या मनगटावर अशी बसली की तो कळवळून मागे कोलमडला.

“मरायचंय का!” साहेब ओरडले. पट्टी त्यांच्या डाव्या हातात होती. तो हात इतका लटपटत होता की पट्टी टेबलावर तडतड वाजत होती. टेस्टर वेदना विसरून बघत राहिला. खिशात नियम नव्हता, भीती होती. आजची नव्हे, रोजची.

साहेबांनी हात खिशात कोंबला. तेवढ्यात सर्किटवर लाल दिवा लागला.

“बघा,” ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, “रेषेवर ठोका नाही आणि दिवा लाल. खोटं आपल्याच घरात बोललं जातंय.”

वीज तोडून, साठलेली वीज उतरल्यावर लगेच त्यांनी बोट लावून पाहिलं. एक रेझिस्टर गार, दुसरा ट्रान्सफॉर्मरला चिकटून तापलेला. जुळी भावंडं, पण एकाला चुलीपाशी बसवलेलं; तापून त्याचं माप बदलत होतं. त्यांनी दोघांना शेजारी शेजारी, गार जागी बसवलं. स्कोपची पिनही लगेच परत लावली.

यंत्र परत भट्टीवर बसवल्यावर काही आठवड्यांनी जावयाचा फोन आला. “बाबा, भट्टी मधेच बंद पडली. मुकादम शिव्या घालतच होता. रिकामी करून पाहिली, तर अस्तराला बोटभर भेग.”

टेस्टर धावत साहेबांकडे गेला. “पोरगा बरा आहे ना?” एवढंच त्यांनी विचारलं, आणि खुर्चीत बसले.

त्या रात्री ते झोपेतच गेले, असं त्यांच्या बहिणीनं कळवलं. त्यांना बहीण होती हे टेस्टरला तेव्हा कळलं. इतकी भीती वाटते तर रोज येता कसे, हे त्याला त्याच संध्याकाळी निघताना विचारायचं होतं. जीभ रेटली नाही.

“चहा सांगू, साहेब?” त्यानं विचारलं होतं.

“नको. मेन स्विच पाडलात ना?”

“पाडला.”

“परत बघा. एका हातानं.”