काही कारणाने बंद पडलेलं पथक

आमच्या चर्चच्या स्काउट पथकाचा इतिहास लिहायला पाळकसाहेबांनी मला आठ दिवस दिले होते. एकविसाव्या दिवशी माझ्याकडं दीड पान होतं, आणि त्यातलं शेवटचं वाक्य मला जेवू देत नव्हतं.

पाळकसाहेब तरुण, वर्षापूर्वीच बीडला आलेले. त्यांना वर्धापनदिनाला स्मरणिका काढायची होती आणि पथक पुन्हा सुरू करायचं होतं. "काका, पोरं मोबाइलमधून मान वर काढत नाहीत. तुम्ही शेवटच्या पथकातले संघनायक. तुमच्याशिवाय कोण लिहिणार?" संघनायक म्हणजे आठ पोरांच्या टोळीचा म्होरक्या. मी आपला छाती फुगवून हो म्हणालो. नंतर वाटलं, कुठून बुद्धी सुचली!

पहिलं पान तर सरसर झालं. निजामाच्या अमदानीत एका परदेशी पाद्रीसाहेबांनी बोर्डिंगातली आठ पोरं गोळा करून पथक काढलं. आजोबा त्या आठातले, म्हणून मला सगळं तोंडपाठ. चड्ड्या जुन्या तंबूच्या कापडाच्या. स्काउट एकमेकांशी डावा हात मिळवतात, तो त्यांचा रिवाज. पोरं उपासना सुटल्यावर चर्चचा कारभार बघणाऱ्या म्हाताऱ्या पंचांपुढं डावा हात करून उभी राहिली आणि झाला की गोंधळ! डावा हात? कुठं वापरतात तो, शुद्ध आहे का? दोन घरांनी पोरं काढून घेतली. पाद्रीसाहेबांना बिचाऱ्यांना कळेचना काय बिघडलं ते. शेवटी तोडगा निघाला, आपसात डावा आणि मोठ्यांना उजव्या हातानं सलाम. मग दवाखान्यातल्या एका कंपाउंडरनी पथक चालवलं, आणि त्यांच्यानंतर आमच्या सरांनी.

सर झेडपीच्या शाळेत शिक्षक. दर शनिवारी दुपारी चर्चच्या आवारात लिंबाखाली आम्हाला गाठी मारायला, तंबू ठोकायला, मोडलेला हात बांधायला शिकवायचे. चिडले की त्यांचा आवाज चढायचा नाही, खाली यायचा. त्या खालच्या आवाजाला आम्ही लई भ्यायचो. आणि तितकाच जीवही लावायचो, हे आता सांगायला लाजायचं कारण नाही.

इथवर लिहून झालं आणि मी एका जुन्या पंचांना विचारलं, पुढं काय लिहू? ते म्हणाले, "ते कशाला उकरायचं आता? लिहा, पुढे काही कारणाने पथक बंद पडले." मी लिहिलं. लिहून चहा प्यालो. मग घरात फेऱ्या मारायला लागलो. बायको म्हणाली, "अहो, बसा की एका जागी, मला गरगरायला लागलंय." बसलो. परत उठलो. कागद फाडला, नवीन घेतला, परत तेच वाक्य लिहिलं. काही कारणाने! ते कारणच कागद हातात धरून घरभर हिंडत होतं.

झालं होतं ते असं. उन्हाळ्याच्या सुट्टीत लिंबागणेशच्या बाजूला डोंगरात आमचं तीन दिवसांचं शिबिर होतं. पहिल्या दिवशी मागाच्या खुणांचा खेळ. एक टोळी पुढं जाऊन वाटेवर दगडांचे बाण मांडते, दुसरी ते बघत बघत मागून येते. नियम एकच, आणि सर तो दरवेळी सांगायचे: खेळ संपला की खुणा मांडणाऱ्यांनीच मोडायच्या. राहिल्या तर उद्या कुणीतरी त्यांच्यामागं जाईल. त्या दिवशी खुणा आमच्या टोळीच्या होत्या आणि मोडायचं काम माझं. अर्ध्या मोडल्या. पुढचे चार बाण वाट फुटते तिथून खाली नाल्यात होते. ऊन मी म्हणत होतं, घशाला कोरड, आणि तंबूत सरबत केलंय असं कळलं होतं. मी माघारी आलो.

"मोडल्या का रे सगळ्या?" सरांनी विचारलं.

"मोडल्या सर."

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या टोळीनं नवा माग मांडला. माग काढत येणाऱ्या तिसऱ्या टोळीत सगळ्यात लहान पोरगा अकरा वर्षांचा. तो मागं राहिला, आणि जिथं वाट फुटते तिथं त्याला माझा बाण दिसला. तो नाल्यात उतरला. सकाळी नऊला गेलेला पोरगा चार वाजता सापडला, तोही आम्हाला नाही, शेळ्यावाल्या एका बाईला. बाभळीखाली पडलेला, डोळे फिरलेले. बाई पदर भिजवून त्याच्या तोंडात पिळत होती. बीडला आणलं, तीन दिवस सलाईन. वाचला.

चर्चमध्ये दार लावून पंच कमिटी बसली. आम्हा संघनायकांना भिंतीला उभं केलं. विचारलं, खुणा मोडायचं काम कुणाचं होतं? मी तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, "बघायचं माझ्याकडं होतं. मी न्हाई बघितलं. चूक माझी हाय." आवाज अगदी खालचा. एकदा माझ्याकडं बघितलं, बस्स. मी सोळा वर्षांचा होतो, घोडा झालो होतो म्हणा ना, पण तोंडातून शब्द फुटला नाही. पथक बंद झालं. झेंडा नि स्कार्फ कपाटात गेले. वर्षभरानं सरांनी चर्चला येणं सोडलं, मग बदली घेऊन चौसाळ्याला गेले ते तिथलेच झाले. मंडळीत लोक म्हणायचे, लाजेनं गेले. मीही म्हणायचो. पुढं मी पंच झालो, तरी म्हणायचो. आता लिहिताना माझीच मला किळस येते.

एकविसाव्या दिवशी मी नव्या कागदावर सगळं खरं लिहून काढलं आणि दुपारी मोटरसायकल काढली. दोनदा अर्ध्यातून माघारी वळवली, तिसऱ्यांदा चौसाळ्यात पोचलो. सर मुलाच्या बियाणांच्या दुकानात खुर्चीवर बसले होते. ऐंशीच्या पुढं गेलेत, पण पाठ ताठ. मी सलाम केला. त्यांनी ओळखलं, आणि त्यांचा डावा हात पुढं आला. मला रडूच कोसळलं. गिऱ्हाईक बघत होतं, बघू दे.

मुलानं स्टूल दिलं. मी नवा कागद काढला आणि वाचला. त्यात सगळं होतं, सरबतासकट. वाचून झाल्यावर म्हणालो, "सर, हे छापायचंय. तुमच्या नावाचा डाग जायला पाहिजे."

"मला म्हाईत हाय ते," सर म्हणाले. "पोरगं सापडल्यावर दुसऱ्या दिवशी मी सवता नाल्यात गेलतो. चारी बाण बघितले."

"मग तुमी कमिटीत कावून न्हाई सांगितलं?"

"तुझं तू सांगायचं. मी कावून सांगू? आन् कमिटीनं मला न्हाई घालवलं, बरं का. उपासना सुटली की मी म्होरल्या दारात थांबायचो. वाटायचं, आज पोरगं येतंय. तू आपला स्वयंपाकखोलीच्या बाजूनं, मागल्या दारानं जायचा. वरीसभर बघितलं. मग म्हनलं, माझ्यापायी हे पोरगं दर आइतवारी मागल्या दारानं जातंय, उद्या चर्चच सोडंल. त्यापेक्षा मीच येत न्हाई."

मला वाटायचं मी मागच्या दारानं जातो ते कुणाला दिसत नाही. तेहतीस वर्षं मी पुढच्या बाकावर बसलो, शास्त्रपाठ वाचले, प्रभूभोजनाची ताटं फिरवली, ते सगळं या माणसानं मला जागा करून दिली म्हणून. मी त्यांचे पाय धरले. त्यांनी पाय ओढून घेतले आणि आवाज खाली आला.

"माझं सोड. माझं काय राह्यलंय आता. त्या पोराला सांगितलंस का?"

कोणत्या पोराला हे विचारायची गरज नव्हती. आणि खरं सांगतो, तेहतीस वर्षांत हा विचार माझ्या डोक्याला शिवलाही नव्हता. तो वाचला, विषय संपला, असंच मी धरून चाललो होतो. मला टोचत होते ते सर.

तो पोरगा आता चव्वेचाळीस वर्षांचा आहे. बीडमध्ये त्याचं छपाईचं छोटं दुकान आहे, आणि आमची स्मरणिका त्याच्याकडंच छापायला जाणार होती. चौसाळ्याहून थेट त्याच्या दुकानात गेलो. घरी गेलो असतो तर परत फेऱ्या सुरू झाल्या असत्या.

"या दादा, या! झाला का इतिहास एकदाचा? पाळकसाहेब रोज फोन करतेत." त्यानं कागद घेतला, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि वाचायला लागला. पहिल्या पानावर डाव्या हाताच्या गोंधळाला खो खो हसला. मग पान उलटलं. मी उभाच. बाहेर रिक्षावाले हॉर्न वाजवत होते आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

त्यानं ते पान वाचलं. मग परत वरून वाचलं. बोट ओळीवर ठेवून मला विचारलं, "म्हंजे दादा, तिथं बाण होता?"

"होता. माझा होता."

"नाल्याकडंच होता? खाली?"

"खालीच. तू बरोबर गेला होतास. चूक माझी होती. मला माफ कर."

माफीचं त्यानं ऐकलंच नाही बहुतेक. तो कागदाकडंच बघत होता. "दवाखान्यातून घरी आणल्यावर बाबांनी मला मारलतं," तो म्हणाला. "सगळ्या पोरांला खुणा कळत्यात, तुलाच कावून कळत न्हाईत म्हनून. मी सांगत होतो, बाबा, बाण होता. तुमच्या टोळीची पोरं म्हनली सगळ्या मोडल्या होत्या, मग कुठला बाण? मग मलाच वाटाया लागलं, न्हवताच. दादा, मी अजून नव्या गावाला एकटा जात न्हाई. बायको संगं लागती. लोक हसतेत, मीबी हसतो."

मी म्हणालो, "चल, आत्ता जाऊ तुझ्या बाबांकडं. मी सांगतो त्यांना."

त्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"दिवाळीत गेले की ओ बाबा," तो म्हणाला. "तुमीच तर होता मातीला."