कॉम्प्रेसरवाल्या अक्का

अन्याय झाला तो अक्कांवर. गेल्या वर्षी, आयुधपूजेच्या आदल्या दिवशी, सकाळी दूध येऊन गेल्यावर आणि पेपर पडायच्या आधी. इंदिरानगरातल्या आमच्या क्रॉसच्या (इथे आडव्या गल्लीला क्रॉस म्हणतात) रहिवासी संघटनेने त्यांच्या फाटकावर इंग्रजीत एक नोटीस चिकटवली: तुमच्या कारशेडमध्ये धोकादायक यंत्र आहे, निवासी भागात ते चालणार नाही, दसरा झाला की हलवा. चिकटवणाऱ्याने बेल वाजवली नाही. फाटकापासून बेल हातभर अंतरावर आहे, हेही इथे नोंदवून ठेवते.

मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहते. मी धावत खाली आले तेव्हा अक्का नोटिशीला नाक लावून वाचत होत्या.

"बेल का नाही वाजवली यांनी?" त्यांचा पहिला प्रश्न.

"बंद असेल असं वाटलं असेल," मी चिडून म्हणाले.

"बंद? परवाच दुरुस्त केली की मी!" आणि त्यांनी बटण दाबून दाखवलं. बेल खणखणीत वाजली.

समोरच्या गच्चीवरच्या पबचा दणदणाट याच संघटनेला कधी ऐकू आला नाही. एका बाईच्या कारशेडमधलं यंत्र मात्र सुरू व्हायच्या आधीच ऐकू आलं.

अक्का म्हणजे माझ्या नात्यातल्या नव्हेत. सगळा क्रॉसच त्यांना अक्का म्हणायचा. घराणं सतराव्या शतकापासून इथलं. घरात मराठीच बोलायच्या, पण तिच्यात सरी म्हणजे ठीक, स्वल्प म्हणजे थोडं, बेडा म्हणजे नको, असे कन्नड शब्द चुरमुऱ्यात दाणे असावेत तसे. मी निपाणीकडची. माझं बोलणं ऐकून त्या म्हणायच्या, "पुट्टी, तुझी मराठी पेपरातली गं. घरात कोण असं बोलतं?" पुट्टी म्हणजे बारकी. मी गारमेंट कामगार बायकांच्या संघटनेचं काम करते, पत्रकं लिहिते, त्यामुळे तेही खोटं नव्हतं.

अक्कांना कुठलीही वस्तू दाखवा, त्या आधी खालून हात लावून बघायच्या. फणस असो, सोफा असो, नाहीतर नवीन फ्रिज. मी खोली बघायला आले त्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारायच्या आधी माझी पत्र्याची ट्रंक उलटी केली आणि तळावरून बोटं फिरवली. "गंज खालून येतो," त्या म्हणाल्या. "वरून सगळेच चकचकीत असतात. ट्रंक चांगली ठेवलीयस. राहा." अनामत, आधारकार्ड, लग्न कधी करणार, यातलं काही नाही. या शहरात मला घर मिळालं ते ट्रंकेच्या बुडामुळे.

ही सवय कारखान्यातली. अक्का डिप्लोमा झालेल्या. एका सरकारी कारखान्याच्या टेस्टिंग विभागात सगळी नोकरी काढलेली. दाबाखाली चालणाऱ्या टाक्या तपासायच्या आणि पास-नापास ठरवायचं, हे काम. नम्रपणा त्यांच्यात नावालाही नव्हता. भाजीवाल्याला, कंडक्टरला, देवळातल्या पुजाऱ्याला, सगळ्यांना त्यांनी ऐकवलेलं होतं: "माझ्या सहीशिवाय एक टाकी गेटबाहेर गेली नाही!" पुजारी बिचारा तीर्थ देता देता मान डोलवायचा.

निवृत्तीनंतर त्या कारशेडमध्ये जुनी शिलाई मशीनं दुरुस्त करायला लागल्या. आमच्या संघटनेतल्या लक्ष्मम्माचा कारखाना बंद पडला, तिने घरी शिवण सुरू करायचं ठरवलं, आणि तिचं आईच्या वेळचं मशीन जाम. तसं बऱ्याच जणींचं. मशीनच्या पोटात वर्षानुवर्षं दोरे आणि लव अडकून बसते; ती हवेच्या जोरदार झोतानेच निघते. मग वरून रंगाची फवारणी. दोन्हीसाठी कॉम्प्रेसर हवा, पंक्चरवाल्याकडे असतो तो, हवा दाबून टाकीत भरणारा.

तो सापडला देवनहळ्ळीत. तिथल्या एका गॅरेजची जमीन प्लॉटांच्या लेआउटमध्ये गेली होती, मालक आवरत होता. मागे चिंचेखाली एक कॉम्प्रेसर उभा, आणि त्याच्यावर कोंबडीने घर केलेलं. बिडाचे दोन सिलिंडर, आऱ्यांचं मोठं चाक, पितळी पाटीवरची अक्षरं पुसलेली. मी म्हणाले, "अक्का, हे भंगार आहे." त्या म्हणाल्या, "भंगार नाही. रागावलंय ते." कोंबडीला हलवून, लक्ष्मम्मा आणि मी दोन्हीकडून धरून, आम्ही तो मालवाहू रिक्षातून घरी आणला. हेब्बाळच्या पुलावर बाजूच्या गाड्यांतले लोक बघत होते. अक्का पुढे ड्रायव्हरशेजारी, वरात घेऊन निघाल्यासारख्या.

पिस्टन घट्ट चिकटले होते. अक्कांनी सिलिंडरमध्ये रॉकेल ओतलं आणि सोडून दिलं. हातोडा लावू दिला नाही. रोज सकाळी चाकाला एक हलका हिसका द्यायचा आणि म्हणायचं, "स्वल्प, स्वल्प." म्हणजे थोडंच, पण हल. मला वाटायचं या यंत्राला सांगतायत की स्वतःला. एके सकाळी चाक सुस्कारा टाकून बोटभर फिरलं. अक्का उठल्या. आत जाऊन सगळ्यांसाठी फिल्टर कॉफी टाकली.

गॅस्केट, म्हणजे जोडातून हवा निसटू नये म्हणून मधे बसवायचे कागद, त्यांनी स्वतः कापले. जाड कागद लोखंडावर ठेवायचा आणि कडेकडेने गोल हातोडीने हलके ठोकायचं. लोखंडाची धारच कागद कापते. लक्ष्मम्माने कात्री पुढे केली तर म्हणाल्या, "बेडा. ज्याचं माप, त्यालाच कापू दे." कागद फाडू नकोस म्हणत त्यांनी तिच्याकडून पुढचा करून घेतला. नीट जमला तेव्हा उन्हात धरून बघितला आणि आपल्यापेक्षा बरा झाला असं म्हणायच्या ऐवजी म्हणाल्या, "माझ्या विभागात घेतली असती तुला."

या सगळ्यावर एक नियम होता: आधी पाणी, मग हवा, आधी कसोटी, मग रंग. जुन्या टाकीत कधीही आधी हवा भरायची नाही. काठोकाठ पाणी भरायचं, हातपंपाने दाब चढवायचा, नेहमी लागेल त्याच्या दीडपट, आणि कुठे घाम फुटतो का बघायचं. "पाणी फुटलं तर साडी भिजते. हवा फुटली तर माणूस जातं." हे वाक्य त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलं की मी ते झोपेतही म्हणेन.

आणि तो नियम मोडला तो अक्कांनीच.

नोटीस लागली त्याच दिवशी कसोटी होणार होती. पंप मांडलेला होता. पण अक्का चिडल्या. "धोकादायक म्हणे! उद्या पूजेला सगळा क्रॉस येतो. नवरीसारखी दाखवते त्यांना!" आणि दुपारभर बसून टाकीला पोपटी रंग दिला, दोन हात. मी त्याच वेळी वर पत्रक लिहीत होते. मथळा होता: 'गल्लीतला हुकूमशहा'. म्हणजे रहिवासी संघटनेचे सेक्रेटरी. आम्ही दोघी आपापल्या परीने रंग फासत होतो.

आयुधपूजेला कॉम्प्रेसर खरंच नवरीसारखा दिसत होता. शेवंतीच्या माळा, हळदीकुंकू, पितळी पाटी लखलखीत. कुंकू भरलेला कोहळा फाटकासमोर फोडला. सगळे म्हणाले, सुरू करा, सुरू करा. अक्का म्हणाल्या, "आज आयुधांची सुट्टी. आज कोण हत्यार चालवतं? उद्या विजयादशमी, उद्या पाण्याची कसोटी. सगळ्यांसमोर." आणि स्वतः जाऊन सेक्रेटरींची बेल वाजवून निमंत्रण देऊन आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारशेड भरलं. लक्ष्मम्मा आणि तिच्या मैत्रिणी एका बाजूला, शेजारी दुसऱ्या बाजूला, सेक्रेटरी हाताची घडी घालून मधोमध. टाकीत पाणी भरलं. लक्ष्मम्मा पंप मारत होती, दाबाचा काटा चढत होता, आणि सगळ्यांचे डोळे काट्यावर. अक्का एकट्या गोणपाटावर गुडघे टेकून टाकीखाली हात घालून बसल्या होत्या.

काटा हवा तिथे पोचला आणि थांबला. टाळ्या वाजल्या. मी तर घोषणा द्यायच्याच बेतात होते.

अक्कांनी हात बाहेर काढला. ओला होता. तळव्यावर पोपटी रंगाची साल चिकटलेली.

हे मी सोडून कोणी बघितलं नव्हतं. काटा हलला नव्हता. अक्कांनी पदराला हात पुसला असता तर गोष्ट तिथेच संपली असती: नोटीस खोटी, सेक्रेटरी तोंडघशी, बायकांचं काम सुरू. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली की नाही, मला आठवत नाही. त्यांना माझ्या मानेची गरजही नव्हती.

"सेक्रेटरी सार," त्या मोठ्याने म्हणाल्या, "इकडे या. खाली हात लावा."

ते बिचकले. वाकले. हात घातला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"रंगाखाली फोड आलाय," अक्का म्हणाल्या. "तळ गंजलाय. रंगाने झाकला होता. रंग मी दिला, कसोटीच्या आधी. चूक माझी. ही टाकी नापास."

लक्ष्मम्माने पंपाची दांडी सोडली. मी सेक्रेटरींच्या तोंडाकडे बघत होते, आता हे छाती फुगवणार म्हणून. पण ते तिथल्या स्टुलावर बसले आणि हात पुसत राहिले.

"आमच्या गावात," ते म्हणाले, "माझ्या वर्गातल्या एकाचं पंक्चरचं दुकान होतं. टाकी फुटली. छप्पर रस्त्यापलीकडे सापडलं."

"आणि तो?"

त्यांनी नुसती मान हलवली.

अक्का गोणपाटावरून उठल्या. मग म्हणाल्या, "हे बेल वाजवून सांगायचं की हो. मी कॉफी केली असती."

त्या दुपारी त्यांनी माझं पत्रक मागवून घेतलं. हुकूमशहा या शब्दावर बोट ठेवून विचारलं, "याला खालून हात लावून बघितलास?" मी म्हणाले, त्यांनी नोटीस लावली ती लावलीच ना? "लावलीच. तो घाबरला ते बरोबर. विचारलं नाही ते चूक. दोन्ही लिही. एकच लिहिलंस तर नुसता रंग." मी वाद घातला, भरपूर घातला. शेवटी दोन्ही लिहिलं. आजपर्यंत माझ्या एवढ्या पत्रकांत लोकांनी घडी करून घरी नेलेलं तेच एक.

जुनी टाकी वेल्डिंग करून चालेल, असं दोघातिघांनी सुचवलं. अक्का म्हणाल्या, "भाताच्या पातेल्याला ठिगळ लाव. याला नाही." त्यांनी ती मधोमध कापून घेतली, उद्या भंगारातून दुसऱ्या कोणाच्या घरी जाऊ नये म्हणून. वरचं जुनं यंत्र मात्र ठणठणीत होतं. पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातून त्याच्यासाठी नवी टाकी आणली. दाब वाढला की आपोआप उघडणारा सेफ्टी व्हॉल्व्हही नवा.

या टाकीच्या कसोटीला कोणालाच बोलावलं नव्हतं. टाकी उघडीवागडी, रंगाचा थेंब नाही. पाणी भरून झालं आणि बेल वाजली. दारात सेक्रेटरी. आत आले, पॅन्ट वर ओढून गोणपाटावर बसले, टाकीखाली हात घातला आणि लक्ष्मम्माचा पंप थांबल्यावरही बराच वेळ बसून राहिले. मग हात बाहेर काढून अक्कांसमोर उलटासुलटा करून दाखवला.

"कोरडा," ते म्हणाले.

"सरी," अक्का म्हणाल्या. "आता रंग."

कॉम्प्रेसर पहिल्यांदा चालला तेव्हा लक्ष्मम्माचं मशीन समोर ठेवलं होतं. झोत मारला आणि त्याच्या पोटातून लाल, निळी, पिवळी लव ढगासारखी उडाली. तिच्या आईने शिवलेल्या कुठल्या कुठल्या कपड्यांची. लक्ष्मम्मा रडत होती आणि शिंकत होती. अक्का कमरेवर हात ठेवून उभ्या. त्या दिवशी त्यांचा फोटो काढला. गर्विष्ठ दिसतात त्यात. दिसू देत. त्यांना हक्क होता.

यंदा उन्हाळ्यात अक्का देवनहळ्ळीला बहिणीकडे राहायला गेल्या. गुडघे जवाब देत होते, उठबस नको झाली होती. निघताना कापलेल्या टाकीचा अर्धा भाग कढीपत्ता लावायला सोबत घेतला. रिक्षाच्या हौद्याला खालून हात लावून बघितला, ड्रायव्हर हसला. मग शेडची किल्ली माझ्या हातात दिली. निरोपाचं काही बोलतील असं वाटलं. म्हणाल्या, "संध्याकाळी टाकीचा खालचा नळ उघडून हवेतून साचलेलं पाणी काढत जा. रोज. एक दिवस विसरलीस तर गंज तुझी वाट बघत थांबणार नाही." त्यांनी मागे वळून बघितलं नाही. मी रोज पाणी काढते. बायका रोज मशीनं आणतात. गॅस्केट लक्ष्मम्मा कापते.

आणि आता नवी समिती आली आहे. जुने सेक्रेटरी तिच्यात नाहीत. जुनी नोटीस कोणी कधी मागे घेतलीच नव्हती. तीच पुन्हा टाईप करून समिती आसपासच्या क्रॉसवर सह्या गोळा करते आहे. कारशेड बंद करा म्हणून. अक्का आता इथे नाहीत, तेव्हा सोपं जाईल असा हिशेब असावा. सह्यांचा कागद तुमच्याही दारात येईल, कदाचित आलाही असेल.

सही करायची तर करा. पण त्याआधी आमच्या फाटकाशी या. टाकी बघा, खालून हात लावा, भीती वाटत असेल तर तोंडावर सांगा; कॉफी मिळेल. न बघता सही करू नका.

बेल वाजवा. ती चालते.